वर्गणी भरली, पुढे काय?

१८७० साली जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेफाटा सुरू झाला, तेव्हा त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आला होता. खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची मोठी बाजारपेठ होती हे खरे, पण तेवढ्यासाठी व्हाइसरॉय येत नसतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता आणि मँचेस्टरच्या चेंबर ऑफ कॉमर्सने लंडनच्या सरकारमागे वर्षानुवर्षे तगादा लावला होता: हिंदुस्थानच्या कापूसपट्ट्यात रस्ते करा, रेल्वे न्या, कापसाकडे लक्ष द्यायला स्वतंत्र अधिकारी नेमा. अधिकारी नेमले गेले आणि फाटाही आला. हजारो मैलांवरच्या व्यापाऱ्यांच्या एका संस्थेचा हात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावापर्यंत असा पोहोचला.

त्याच खामगावातून रूळ पुढे जालन्यापर्यंत न्यावेत ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. सर्वेक्षणे झाली, शिष्टमंडळे गेली, प्रत्येक निवडणुकीत शब्द दिले गेले. हे लिहीत असताना रूळ खामगावातच संपतात. मँचेस्टरच्या पाठीशी साम्राज्य होते, आपल्या व्यापारी मंडळापाशी एक लेटरहेड असते; त्यामुळे दोघांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. पण प्रश्न उरतोच. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, शेगाव, नांदुरा इथला दुकानदार किंवा कारखानदार दरवर्षी व्यापारी मंडळाची वर्गणी भरतो, पावती गल्ल्यात टाकतो आणि विसरून जातो. या वर्गणीतून त्याला नेमके काय मिळते, आणि काय मिळू शकते?

वर्गणी भरून काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांची बाजू आधी नीट ऐकली पाहिजे, कारण ते लोक चुकीचे बोलत नाहीत. पदे दोन-चार घरांत फिरतात. अध्यक्ष बहुधा एखाद्या पक्षाच्या जवळचा असतो आणि मंडळाचा आवाज सरकार कोणाचे आहे ते पाहून चढतो किंवा उतरतो. ठोक व्यापारी आणि चिल्लर विक्रेता एकाच यादीत असले तरी त्यांचे हित एक नसते. उधारीच्या मुदतीचा विषय निघाला की हे लगेच दिसते. शिवाय वेळ कोणाकडे आहे? ज्याच्या दुकानात तो स्वतः आणि एक पोरगा एवढेच मनुष्यबळ, त्याने संध्याकाळी सात वाजता, ऐन गिऱ्हाइकीत, सभेला कसे जायचे? त्याची वर्गणी जाते, पण त्याचा प्रश्न सभेपर्यंत जात नाही.

सर्वांत मोठी तक्रार निवेदनांची आहे. निवेदन म्हणजे काय ते जवळून पाहू. एक पान, वर मंडळाचे नाव, खाली दहा-बारा सह्या. मजकूर असा की 'शहरातील व्यापारी वीजपुरवठ्याच्या लपंडावामुळे त्रस्त असून याबाबत त्वरित कार्यवाही व्हावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.' तहसीलदार किंवा अभियंता ते हातात घेतो, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर छापून येतो आणि कागद फायलीत जातो. त्या कागदावर एकही ग्राहक क्रमांक नसतो. कोणत्या फिडरवर, कोणत्या तारखेला, किती तास वीज गेली, त्यात किती गठाणी प्रेस व्हायच्या राहिल्या, कोणत्या दालमिलचा माल भिजलेला पडून राहिला, यातले काहीच नसते. अधिकाऱ्याने मनावर घ्यायचे ठरवले तरी घ्यायचे कशाच्या आधारावर? इथे अधिकाऱ्याइतकाच दोष सभासदांचाही आहे. ज्याच्या मिलमध्ये वीज गेली त्याने तारखा आणि तास टिपून मंडळाकडे दिले असते, तर त्याच एका पानाचे वजन वेगळे झाले असते. वीज नियामक आयोग दर ठरवताना हरकती मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो. तिथे 'दर परवडत नाही' हे वाक्य टिकत नाही, पण वीस कारखान्यांची वर्षभराची बिले एकत्र मांडलेला तक्ता टिकतो. असा तक्ता एकटा जिनिंगवाला करू शकत नाही आणि मुंबईतला वकीलही करू शकत नाही. तो गावातले मंडळच करू शकते.

तपशील नेमके असले की काय होते, याचे उदाहरण आपल्या भागातल्या डाळ व्यापाऱ्यांना आठवत असेल. २ जुलै २०२१ रोजी केंद्राने मूग वगळता सर्व डाळींवर साठामर्यादा घातली: ठोक व्यापाऱ्याला २०० टन, त्यातही एका प्रकारची डाळ १०० टनांहून जास्त नाही, आणि मिलवाल्याला शेवटच्या तीन महिन्यांचे उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेचा चौथा भाग. हंगामात माल घेऊन वर्षभर दळणाऱ्या मिलचे काम कसे चालते, हे त्या आदेशात धरलेच नव्हते. अनेक बाजारांत खरेदी थंडावली. देशभरच्या व्यापारी संस्थांनी आकड्यांसह म्हणणे मांडले आणि १९ जुलैला आदेश बदलला. मर्यादा तूर, उडीद, हरभरा आणि मसूर या चार डाळींपुरती उरली, ठोक व्यापाऱ्याला ५०० टन आणि मिलला सहा महिन्यांचे उत्पादन किंवा निम्मी क्षमता मिळाली. सरकारने हा बदल करताना किमती उतरल्याचे आणि संबंधितांकडून आलेल्या म्हणण्याचे कारण दिले. किमती उतरल्या नसत्या तर नुसत्या निवेदनांनी हे झाले असते का, अशी शंका रास्त आहे. तरीही सतरा दिवसांत केंद्राचा आदेश बदलणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि एकट्या खामगावच्या किंवा मलकापूरच्या मिलवाल्याच्या पत्राने ते घडले नसते हे नक्की.

आता याच्या शेजारी 'बंद' ठेवून पाहा. पुढच्याच वर्षी, १८ जुलै २०२२ पासून, पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकबंद आणि लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के जीएसटी आला. त्याआधी दोन दिवस देशभर धान्य व्यापाऱ्यांचा बंद झाला. कर ठरल्या दिवशी लागू झाला. मग बंद निरुपयोगी म्हणावा, तर स्थानिक संस्था कराचे उदाहरण आडवे येते. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या महापालिका शहरांतल्या व्यापाऱ्यांनी त्या कराविरुद्ध दुकाने बंद ठेवली, हा विषय दोन वर्षे पेटता ठेवला, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्या सर्वांना त्यातून सूट मिळाली. तेव्हा बंदाने कधीच काही होत नाही असे म्हणता येणार नाही. पण बंदाची किंमत कोण मोजतो, हे मंडळांनी ठराव करण्याआधी विचारले पाहिजे. ठोक व्यापाऱ्याचा माल गोदामात शाबूत राहतो, उद्या विकला जातो. चहाच्या हॉटेलवाल्याचे सकाळी घेतलेले दूध संध्याकाळी वाया जाते. सोयाबीनचा लिलाव बंद असला तर मेहकर-लोणारकडून ट्रॅक्टर भाड्याने आणलेला शेतकरी माल परत नेऊ शकत नाही; हमाल आणि मापारी यांचा त्या दिवसाचा रोज बुडतो. नुकसान सोसणारे हे लोक सहसा मंडळाचे सभासद नसतात, त्यामुळे बंदाचा ठराव करताना त्यांना कोणी विचारत नाही. आमचे मत स्पष्ट आहे: लिलाव बंद ठेवणे हा मंडळाच्या हातातला शेवटचा उपाय असावा, आणि त्याआधी आकड्यांचा कागद जायलाच हवा.

ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना बाहेर ठेवू नये, हेच वऱ्हाडाच्या बाजारांचा इतिहासही सांगतो. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ साली नियमांखाली आला, तो देशातला पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. मग १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. त्याने बाजारासाठी समित्या नेमल्या, वजनमापे, दलाली आणि फी यांना शिस्त लावली. व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन बाजाराचे नियम पाळायचे, ही कल्पना आपल्या भागात एवढी जुनी आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण त्या समित्यांत व्यापाऱ्यांचा वरचष्मा होता आणि कापूस पिकवणाऱ्याला फारसे स्थान नव्हते. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने हा दोष दाखवला. संस्था चांगली असूनही अर्धी माणसे दाराबाहेर ठेवली की तिचे काय होते, हे आपण एकदा पाहिलेले आहे. आज जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, पापड-मसाल्यांचे व्यवसाय करणारे महिला बचत गट आहेत, समृद्धी महामार्गाच्या मेहकर आणि सिंदखेडराजाच्या बाजूला नव्याने गोदामे आणि हॉटेले काढणारी तरुण मुले आहेत. यांपैकी किती जणांपर्यंत मंडळाचे पावतीपुस्तक पोहोचते? जुन्या पेठेतल्या सभासदांना हा प्रश्न टोचेल, पण मंडळाचे बळ वाढवायचे असेल तर तो टाळता येणार नाही.

मग सभासद होण्यात अर्थ आहे का? आहे, कारण काही दारे एकट्यासाठी उघडतच नाहीत. खामगावची चांदी घ्या. रजतनगरी म्हणून गावाचे नाव आहे, मूर्ती आणि पूजेची भांडी घ्यायला लोक दुरून येतात. उद्या या कामाला भौगोलिक मानांकन मिळवायचे ठरले, तर १९९९ च्या कायद्यानुसार एखादा कारागीर किंवा एखादी पेढी त्यासाठी अर्ज करू शकत नाही. अर्ज उत्पादकांच्या संघटनेने किंवा त्यांचे हित पाहणाऱ्या संस्थेनेच करायचा असतो. विदर्भात वायगावची हळद आणि भिवापूरची मिरची यांना मानांकन मिळाले आहे. मानांकन मिळाल्याने गिऱ्हाईक आपोआप वाढत नाही, आणि त्यानंतर प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करायची असते, हेही सांगितले पाहिजे. पण पहिले पाऊल संघटनेचेच, त्याला दुसरा मार्ग नाही.

जीएसटीच्या तक्रारींचेही तसेच. २०१९ च्या डिसेंबरात केंद्राने राज्य आणि विभाग पातळीवर तक्रार निवारण समित्या नेमायला सांगितल्या, आणि त्यांत करअधिकाऱ्यांबरोबर व्यापारी संस्थांच्या प्रतिनिधींना जागा ठेवली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा उद्योग मित्र समितीत औद्योगिक संघटनांचे म्हणणे ऐकले जाते. मलकापूर-खामगावच्या एमआयडीसीतला रस्ता, पाणी, भूखंडाचे हस्तांतरण हे विषय तिथे मांडता येतात. शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की हरकती मागवल्या जातात, आणि दुकानांच्या ओळीवरून जाणारा रस्त्याचा रुंदीकरणाचा पट्टा नकाशात वेळेत ओळखणारा माणूस मंडळाकडे असेल तर पुढची दहा वर्षांची कोर्टकचेरी टळू शकते.

लहान गोष्टींत तर मंडळाचा उपयोग जास्तच आहे. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते. काटा उचलून कार्यालयात न्यायचा म्हणजे दिवस मोडतो, धंदा बुडतो आणि मग मध्यस्थ लागतो. मंडळाने वजनमापे विभागाला पत्र देऊन बाजारातच शिबिर लावले, तर शंभर दुकानदारांचे काम एका जागी होते, फी किती हे फलकावर लिहिलेले असते आणि मध्यस्थाची गरजच उरत नाही. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, तरी तिच्यासाठी पैसे मोजलेले दुकानदार गावोगाव भेटतात. जुलै २०२१ पासून ठोक आणि चिल्लर व्यापाऱ्यांनाही ही नोंदणी करता येते, मात्र तिचा फायदा बँकेच्या प्राधान्यक्षेत्र कर्जापुरताच आहे. थकीत बिलांच्या वसुलीचे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्या लघुउद्योगांना मिळते, व्यापाऱ्याला नाही. हा फरक कोणी समजावून सांगितला नाही तर माणूस भलत्याच आशेवर अर्ज करत बसतो. ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला २०१७ च्या दुकाने कायद्यानुसार नोंदणीऐवजी फक्त सूचना द्यावी लागते, हेही अनेकांना माहीत नसते. महिन्यातून एक संध्याकाळ कर सल्लागार आणि एक जाणता लेखनिक मंडळाच्या कार्यालयात बसवला, तरी वर्गणी वसूल झाली असे म्हणता येईल.

पुण्यात १९३४ साली आ. रा. भट यांनी मराठा चेंबर उभी केली. त्या संस्थेने लहान उद्योजकाला माहिती पुरवणे हे आपले काम मानले आणि 'संपदा' हे मराठी मासिक त्यासाठी चालवले. वालचंद हिराचंद यांनी १९२७ साली स्थापन केलेली महाराष्ट्र चेंबर मुंबईत आहे, १९४४ ची नाग विदर्भ चेंबर नागपुरात. प्रत्येकाने या सगळ्यांचे सभासद व्हावे असे नाही. खामगावहून नागपूर तीनशे किलोमीटर. किराणा दुकानदाराला तिथल्या सभासदत्वाचा रोजच्या धंद्यात काही उपयोग नाही. त्याने गावचे मंडळ आणि आपल्या धंद्याची संघटना, मग ती सराफा असो, औषध विक्रेत्यांची असो की अडत्यांची, एवढेच पाहावे. जिनिंग-प्रेसिंगवाल्याची गोष्ट वेगळी. गठाणींच्या सौद्यात तक्रार झाली तर कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे १९२१ पासून चालत आलेली संस्था, लवादाची सोय देते. तिच्या नियमांवर केलेला सौदा दिवाणी कोर्टापेक्षा लवकर निकाली निघू शकतो. सरकी ढेप किंवा सोयापेंड परदेशी पाठवणाऱ्याला मालाच्या मूळ देशाचा दाखला लागतो, आणि तो देण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांत मोठ्या चेंबर आहेत. अशा माणसाने वरच्या संस्थेची वर्गणी खर्चात धरावीच. ज्याने कालच टपरी टाकली, ज्याच्या रोजच्या गल्ल्यातून घरचे रेशन निघते, त्याला मात्र 'सभासद झालाच पाहिजेस' असा आग्रह करू नये. मंडळाने त्याचे काम आधी करून दाखवावे, वर्गणी नंतर मागावी.

काही देशांत ही निवड व्यापाऱ्याच्या हातात नसते. जर्मनीत जवळजवळ प्रत्येक धंदेवाइकाला स्थानिक उद्योग-व्यापार चेंबरचे सभासद व्हावेच लागते. त्याविरुद्ध लोक घटनात्मक न्यायालयात गेले, तेव्हा २०१७ साली न्यायालयाने सक्ती कायम ठेवली, पण सभासदांच्या निरनिराळ्या हितांची दखल घेण्याचे बंधन चेंबरवर आहे, हेही बजावले. आपल्याकडे सक्ती नाही, आणि नसलेलीच बरी. पण ठोकवाल्याचे आणि चिल्लरवाल्याचे मत वेगळे पडले तर दोन्ही मते निवेदनात लिहायची, ही शिस्त आपली मंडळेही लावून घेऊ शकतात. कुणाचा विरोध नोंदला गेला म्हणून निवेदन कमजोर होत नाही. उलट वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कळते की हे विचार करून लिहिले आहे.

एका धोक्याबद्दल बोलायलाच हवे. एकत्र बसणे आणि संगनमत करणे यांत अंतर फार नसते. सगळ्यांनी एकच भाव लावायचा, अमुक कंपनीचा माल आपल्या परवानगीशिवाय कुणाला द्यायचा नाही, अमुक शेतकऱ्याचा माल कुणी घ्यायचा नाही, असे ठराव २००२ च्या स्पर्धा कायद्यात बसत नाहीत. औषध विक्रेत्यांच्या संघटनांना असल्याच वागणुकीसाठी स्पर्धा आयोगाने दंड केलेला आहे. सभासदाने अशा ठरावावर सही करू नये, आणि सभेत तो मांडला गेला तर आपला विरोध कार्यवृत्तात लिहून घ्यावा.

वर्गणीचा पुरेपूर उपयोग करून घ्यायचा तर सभासदाला दोन गोष्टी कराव्या लागतात आणि दोन्ही कंटाळवाण्या आहेत. पहिली, आपला प्रश्न तारखा, बिले आणि नोटिशीची प्रत यांसह लेखी द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. दुसरी, वार्षिक सभेला बसायचे. १९८६ मध्ये बुलढाण्यात सुरू झालेल्या बुलडाणा अर्बनसारख्या पतसंस्थेने या जिल्ह्याला सभासदत्वाची सवय लावली आहे. पतसंस्थेचा अहवाल आला की लोक लाभांशाचे पान आधी उघडतात. व्यापारी मंडळात लाभांश नसतो, म्हणून अहवाल कोणी मागतच नाही. बहुतेक मंडळे सोसायटी नोंदणी आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था या कायद्यांखाली नोंदलेली असतात. त्यांचे हिशोब तपासलेले असावेत आणि कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज जायला हवा. वर्षभरात किती निवेदने दिली, त्यांतल्या किती विषयांना लेखी उत्तर आले, किती विषय पुढे नेले, हे एका पानावर मागणे हा सभासदाचा हक्क आहे. पदाधिकाऱ्यांनाही हे पान भीतीचे वाटू नये. जे खरेच धावपळ करतात त्यांचे काम आज कुणाला दिसतच नाही.

व्यापार-उद्योगाच्या वाढीसाठी ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या नोंदणीकृत संस्थेची वर्गणी वर्षाला एक हजार रुपयांपर्यंत असेल तर तीवर जीएसटीही लागत नाही. म्हणजे पैशाचा प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत मोठा नाही, प्रश्न लक्ष देण्याचा आहे. दोन-तीन वर्षे मागूनही हिशोब मिळाला नाही, सभा कागदावरच होत राहिल्या, लेखी दिलेल्या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर वर्गणी थांबवण्यात काही गैर नाही. पण थांबवताना कारण लेखी कळवावे आणि त्याची प्रत इतर सभासदांनाही द्यावी. गप्प बसून बाहेर पडणाऱ्याची जागा कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि तालुक्याच्या गावात दुसरे मंडळ उभे करण्याइतकी माणसे सहसा नसतात. जे आहे तेच सुधारून घ्यावे लागते.